मी पुढे उतरलो

ताईला जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा भाऊजींचा फोन आला. मी यवतमाळला ऑफिसात होतो. ते दुपारी कधी फोन करत नाहीत. दुपारी ते शेतात असतात आणि फोन घरी खुंटीवरच्या पिशवीत असतो.

"येत्या रविवारी डोंगरावर जाऊन येऊ म्हणतो," ते म्हणाले. "तिचा नारळ राह्यला ना औंदा. येतो का तू?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो आणि ताईचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. वडील सकाळी ऑफिसला जायचे ते संध्याकाळी यायचे, त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्या ताईच्या घरी, आर्णीकडच्या त्या गावात गेल्या. पोटाला वाळलेला भोपळा बांधून भाऊजींनी मला त्यांच्या विहिरीत पोहायला शिकवलं. ते बोलायचे फार कमी. मी घाबरून काठाला धरलं की वरून एवढंच म्हणायचे, "सोड हात. मी हाओ ना." पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, तरी दर भाऊबीजेला मी त्यांच्याकडे जात राहिलो. मात्र आमच्यातलं बोलणं कायम ताईमार्फतच व्हायचं. ती चहा घेऊन आली की आम्ही दोघं मोकळे व्हायचो. ती आत गेली की दोघंही अंगणाकडे बघत बसायचो.

त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर एक डोंगर आहे. पुण्याकडच्या माझ्या साडूंनी त्याला टेकाड म्हटलं असतं. पण चढायला लागलं की तो संपत नाही. आधी सागाचं जंगल, मग लांबच लांब उघडं पठार, आणि पठाराच्या पलीकडच्या टोकाला आणखी एक चढ. त्या चढावर देवीचं ठाणं आहे. देऊळ नाही, शेंदूर फासलेले तीन दगड आणि एक वाकडी घंटा. ताई दर पौषात एका रविवारी तिथे नारळ फोडायला जायची. कधी बोललेला नवस, कशासाठी, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. वैशाखात तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. म्हणून यंदाचा नारळ राहिला.

मी शनिवारी संध्याकाळीच गावी गेलो. घर झाडलेलं होतं, पण चुलीजवळची भांडी उपडी घातलेली होती ती एकाच माणसाची. एक ताट, एक वाटी, एक पेला. भाची नागपूरला सासरी आणि भाचा नोकरीला पुण्यात, त्यामुळे भाऊजी एकटेच राहत होते. सकाळी उठलो तेव्हा ते भाकरी थापत होते. जाड आणि कडेला फाटलेल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी पाठ फिरवली.

थंडी मुळीच नव्हती. पौषातली सकाळ आणि अंगणात उघड्या अंगाने उभं राहता येत होतं. आकाश भरून आलेलं, पण उंच आणि पांढुरकं.

"अभाय आलं," मी म्हणालो.

"दोन दिसापासून हाय. येते अन् जाते."

मोबाईलवर हवामानाचा कसला तरी इशारा आला होता. मी तो बोटाने वर सरकवून टाकला.

मोटारसायकलने आम्ही डोंगराच्या पायथ्याला गेलो. तिथे कोलामांचा पोड आहे, दहा-बारा घरांची वस्ती. एक माणूस कुडाला माती लावत बसला होता. त्याने आमच्याकडे पाहून मान हलवली. पोडाच्या थोडं पुढे, एका मोहाच्या झाडाखाली गाडी लावली. उकडत होतं म्हणून मी स्वेटर काढून गाडीच्या हँडलवर टाकला. भाऊजींनी त्यांचं जाड जाकीट घरीच ठेवलं होतं. त्यांच्या अंगावर सदरा, धोतर आणि गळ्यात दुपट्टा. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात नारळ, अगरबत्ती आणि भाकरी.

चढण सुरू झाली. त्यांचा उजवा गुडघा दुखत होता. दर थोड्या वेळाने ते एखाद्या सागाला हात लावून उभे राहत आणि झाड बघतोय असं दाखवत. मीही थांबायचो. जंगल संपून पठार लागलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"इथे आली का ती चपला काढे."

"इथपासून?"

"इथपासून. काटे मोडत तिच्या पायात. मीच काढो मग."

कमरेएवढं वाळलं गवत, मध्ये मध्ये काळे दगड. पठार ओलांडायला पाऊण तास लागला. ठाण्यापाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. भाऊजींनी नारळ फोडला. एका घावात फुटला नाही, तीनदा आपटावा लागला. पाणी दगडावर सांडलं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी ताईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो. मला तिचे फक्त हात आठवत होते, पिठाचे.

भाकरी खाताना ते म्हणाले, "तुले एक सांगाचं होतं."

"सांगा ना."

पण ते पश्चिमेकडे बघत राहिले. मीही पाहिलं. तिकडचं आकाश काळं नव्हतं, हिरवट होतं. शिळ्या जखमेच्या कडेला असतो तसा रंग. आणि वारा अचानक पडला. गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

"उतरू लवकर," ते म्हणाले.

आम्ही पठाराच्या मध्यावर होतो तेव्हा वारा परत आला. तो थंड होता. कुणी बर्फाच्या कारखान्याचं दार उघडावं इतका अचानक थंड. मागोमाग पावसाचे मोठाले थेंब आले, आणि मग माझ्या कानशिलावर काहीतरी दगडासारखं बसलं. मला वाटलं कुणी फेकलं. समोर गवतात बोराएवढी गार पडलेली दिसली. दुसरी. तिसरी. मग मोजण्यासारखं काही राहिलं नाही.

"पळ!" भाऊजी ओरडले. "कपारीकडे!"

पठार जिथे संपून जंगलात उतरतं तिथे कडेला एक कपार आहे, दोन माणसं कशीबशी बसतील एवढी. आम्ही डोक्यावर हात धरून पळालो. भाऊजींना पळता येत नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून ओढत नेलं. कपारीत शिरलो तेव्हा माझ्या हाताच्या पाठीवरून रक्त येत होतं आणि त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. बाहेर गारा आता आवळ्याएवढ्या झाल्या होत्या. सागाची सुपाएवढी पानं फाटून खाली येत होती. एक पोपट आमच्या पुढ्यात येऊन पडला, दोनदा पंख हलवले आणि थांबला. आवाज इतका होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागत होता.

"तुरी उभ्या हायेत," भाऊजी म्हणाले. "गेल्या."

आम्ही भिजून चिंब झालो होतो. माझे दात वाजायला लागले. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, पिळला आणि माझ्या डोक्याला गुंडाळला. मी नको म्हणालो तरी गुंडाळला. मग गुडघ्यांवर हात ठेवून बाहेर बघत म्हणाले, "पोरीनं अन् माह्या मोठ्या भावानं एक जागा पाह्यली."

मला कळलं नाही. "कसली जागा?"

"दारव्ह्याकडची हाय. तिचा नवरा वारला, पाच वर्षं झाले. लेकरू नाई. ते म्हणतात, फागुनात उरकून घेऊ. मी अजून हो नाई म्हटलं. म्हटलं, पयले तुले विचारतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. साठीला आलेला माणूस. मिशीतून पाणी गळत होतं.

"हे सांगायला मला इथे आणलं? तिच्या देवापाशी?"

"घरी बोलता येत नाई रे. तिचा फोटो हाय तिथे."

"आठ महिने झाले, भाऊजी. वर्षसुद्धा नाही झालं."

"व्हय. आठ महिने." त्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं. मग ते म्हणाले, "संध्याकायी घरी येतो अन् कुलूप मीच उघडतो. दिवा मीच लावतो. कोनी इचारत नाई का जेवले का म्हणून. तू म्हनशील तर नाई करत. तुले खरं सांगतो, तू नाई म्हटलं तर इथेच इषय संपला."

आज मला हे सगळं शब्दाशब्दाने आठवतं आणि त्यात वावगं काही सापडत नाही. त्या वेळी मला फक्त हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. ताई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. फोन, गाड्या, सामान, सगळ्यांना कळवणं, हे सगळं केलं होतं. माझा राग तेव्हापासून कुठेतरी जमा होत असणार, आणि तो या ओल्या, कुडकुडणाऱ्या, नजर खाली घातलेल्या माणसावर निघाला.

"तुमाले कराचंच हाय तर मले इचारता कायले?" मी म्हणालो. लहानपणी त्यांच्याशी बोलायचो तशी भाषा आपोआप तोंडात आली, पण आवाज तसा नव्हता. "म्हणजे उद्या लोकांना सांगता येईल, तिच्या भावानंच परवानगी दिली. असंच ना?"

ते ओल्या धोतराचा सोगा पिळत राहिले.

गारा थांबल्या. पाऊस चालूच होता, तिरपा आणि बोचरा. मी कपारीतून बाहेर आलो आणि उठून उभा राहिलो. डोक्याचा दुपट्टा काढून दगडावर ठेवला.

"थांब ना बाप्पा," ते म्हणाले. "पाणी जाऊ दे. सारी वाट निसरडी झाली असंल. संगं उतरू."

मी निघालो.

जमीन पांढरी झाली होती. फाटक्या पानांवर गारांचा थर आणि खाली चिखल. प्रत्येक पाऊल सरकत होतं. शंभरेक पावलं गेलो असेन, वरून हाक आली. माझं नाव. नावाशिवाय काही नाही. मी थांबलो. पुन्हा हाक येते का म्हणून थांबलो की परत वर जावं की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. पुन्हा हाक आली नाही. मी खाली उतरायला लागलो.

वाट राहिली नव्हती. सकाळी जिथून चढलो तिथून आता गढूळ पाणी वाहत होतं. मी झाडं धरत, बसत, घसरत उतरलो. बोटं इतकी बधिर झाली की काटेरी फांदी धरलेली कळली नाही, रक्त पाहून कळली. थंडीने पोटात कळा येत होत्या. मधेच मला वाटलं की मी वाट चुकलो, आणि तेव्हा पहिल्यांदा भाऊजींची आठवण आली. तीही त्यांना ही वाट माहीत आहे म्हणून.

खाली पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मोटारसायकल आडवी झाली होती, आरसा फुटला होता, स्वेटर चिखलात. मी गाडी उभी केली आणि मोहाच्या खोडाला टेकून उभा राहिलो. येतील मागून, असं मनाशी म्हणत होतो. गुडघा दुखतो, वेळ लागेल. अर्धा तास गेला. मग वाटलं, मुद्दाम उशीर करताहेत. मग तेही वाटेनासं झालं. मोबाईलला रेंज नव्हती, आणि असती तरी त्यांचा फोन घरी खुंटीला होता. पाऊस थांबला, पण उजेड कमी व्हायला लागला होता. मी पोडाकडे पळत गेलो.

सकाळचा तोच माणूस फुटलेली कौलं गोळा करत होता. अंगावर पोत्याची खोळ घेतलेली.

"माझे भाऊजी वर आहेत," मी म्हणालो. "अजून उतरले नाहीत."

"सकायी दोघं गेलते ना तुमी?"

"हो. ते मागे राहिले."

"मांगं काहून राह्यले?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. घरात जाऊन एक घोंगडी, दोर आणि लाकडाची लांब बल्ली घेऊन आला. त्याच्या भावाला हाक मारली. त्याच्या बायकोने माझ्या हातात एक कोरडं पोतं दिलं आणि अंगावर घ्या म्हणून खूण केली. आम्ही तिघं चढायला लागलो. ते दोघं पुढे, मी मागे. माझ्यासाठी ते एकदाही थांबले नाहीत आणि ते बरंच होतं.

भाऊजी कपारीपासून फार लांब नव्हते. कपारीच्या खालच्या उतारावर एका सागाला पाठ लावून बसले होते. रिकामी पिशवी डोक्यावर टोपीसारखी घातलेली. एक पाय लांब केलेला, त्याचं पाऊल भलतीकडेच वळलेलं. ओठ निळे-काळे झाले होते. डोळे उघडे होते, पण आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊजी," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली. "आला का?" असं म्हणाले, जणू मी भाजी आणायला गेलो होतो.

त्या दोघांनी त्यांचा ओला सदरा काढला, घोंगडीत गुंडाळलं, हात-पाय चोळले. मीही चोळले. त्यांचे तळवे लाकडासारखे होते. चोळता चोळता ते हळूच म्हणाले, "तू निघाला अन् मी लगेच मांगं निघालो. पाय घसरला. आवाज देल्ला तुले."

"ऐकू नाही आला," मी म्हणालो. "वारा होता खूप."

ते माझ्याकडे बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "वारा होता."

बल्लीला घोंगडीची झोळी बांधून आम्ही त्यांना खाली आणलं. पोडावर शेकोटी पेटवली होती, काळा चहा दिला. कुणाच्या तरी जीपमधून आर्णीला नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. छातीत कफ भरला आणि दहा दिवस ताप उतरला नाही. त्यातले चार दिवस डॉक्टर आमच्याशी जपून बोलत होते. मी रजा टाकून तिथेच राहिलो. रात्रंदिवस केलं, असं सगळे म्हणाले. मी केलं, हे खरं आहे.

भाची नागपूरहून आली. कॉरिडॉरमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "बाबा सांगत होते, पाय घसरला अन् तुम्ही पळत जाऊन माणसं घेऊन आले. मामा, तुम्ही होते म्हणून हो." मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. भाऊजींनी तेवढंच सांगितलं होतं. पोडावरच्या माणसालाही त्यांनी काही वेगळं सांगितलं नाही.

ताप उतरला त्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही लग्न करा. मनापासून सांगतो."

ते वळले नाहीत. "तू हे कायले म्हणून राह्यला, मले समजते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोलू शकलो असतो. त्याच वेळी नर्स आली, तिने त्यांच्या काखेत थर्मामीटर लावला, आणि ती गेल्यावर आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

फाल्गुनात जमलं नाही, पाय प्लास्टरमध्ये होता. चैत्रात लग्न झालं, पंधरा-वीस माणसांत. भाऊजी काठी टेकत उभे होते. मी गेलो होतो. नवी बाई सावळी, शांत, चाळिशी ओलांडलेली. तिने मला आग्रहाने वाढलं. "भाऊ, येत जा," ती म्हणाली. "हे तुमचंच घर हाय. थ्या ताई असत्या तर जसे आले असते तसेच या." तिने ताईचा फोटो काढला नव्हता. त्याला ताजा हार होता. तो तिनेच घातला होता, हे भाचीने मला नंतर सांगितलं.

त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. तीन वर्षं झाली. पहिल्या दिवाळीला भाऊजींचा फोन आला. येतो का, त्यांनी विचारलं. मी ऑफिसचं काम सांगितलं. दुसऱ्या दिवाळीला फोन त्यांच्या बायकोने केला. मागच्या दिवाळीला कुणाचाच आला नाही.

आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की मला ते लग्न सहन झालं नाही. बायकोलाही तसंच वाटतं. नातेवाइकांत विषय निघाला की ती माझ्या बाजूने बोलते, "बहिणीवर फार जीव होता यांचा. त्या जागी दुसरी बाई बघवत नाही त्यांना." लोक माना हलवतात, कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवतं. मी तिला थांबवत नाही.